कोनाड्यातली कपबशी
हिरव्या काठाची कपबशी कुठे दिसली की मला बेलापूरचा आमचा ओटा आठवतो. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं वर्ष असेल. मिशनच्या दवाखान्यातल्या स्वीडिश डॉक्टरीणबाईंची मुलगी माझ्या वर्गात होती. मराठी आमच्यासारखंच बोलायची, तरी ही आपल्या पोरीला बाटवणार, असा आईला कायम संशय. तिच्यासाठी हिरव्या काठाची कपबशी ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळी असायची. ती गेल्यावर मी विसळून ठेवायचे. एका दुपारी तिनं तिच्या देशातली, आमच्या वयाच्या मुलींसाठीची कादंबरी आणली. “धरमाचं पुस्तक न्हाई ना?” आईनं ज्वारी पाखडता पाखडता विचारलं. “न्हाई मावशी, दोन मैतरणींचं हाय,” म्हणत ती मराठीतून सांगू लागली. तुर्कस्तानातली एक मुलगी त्यांच्या बर्फाच्या गावात राहायला येते, तिला शाळेत मैत्रीण मिळते. मैत्रिणीची आई तिला गोड बोलून खाऊ घालते आणि तिची पाठ वळली की तिचा पेला उकळत्या पाण्यात टाकते. आईचं सूप थांबलं. “त्या पोरीला कळलं का गं?” “पहिल्याच दिशी कळलं, मावशी.” एवढं बोलून ती उठली, आपली कपबशी तिनं स्वतःच विसळली आणि कोनाड्यात पालथी घातली. पुढच्या खेपेला आईनं तिला आमच्यातल्याच कपात चहा दिला. मायदेशी जाताना ती पुस्तक मला देऊन गेली. तो पेला खरंच त्यात आहे, की तिनं आमच्या ओट्यावर बसून रचला, हा संशय मला अजून आहे. मला ती भाषा येत नाही, आणि कुणाकडून वाचून घ्यायचं धाडस आजवर झालेलं नाही.