ज्याचं त्याचं नाव

निजामाच्या राज्यात कायमची मास्तरकी हवी असेल तर हैदराबादला जाऊन शिकून यावं लागे. आमच्या भागातून एकच जागा होती, आणि तिच्यासाठी आधी घरी बसून उर्दूत निबंध लिहायचा होता. नौबादच्या एका खोलीत राहणारे आम्ही दोघे हंगामी मास्तर त्याच जागेमागं लागलो होतो.

सोबती हुलसूरचा, लिंगायत घरातला. त्यांच्याकडे शरणांचं, म्हणजे त्यांच्या संतांचं, वचन म्हणायचं तर ते कुणाचं हे सांगायलाच हवं. नाहीतर थोरले मध्येच अडवायचे. ही सवय त्याच्या अंगात इतकी मुरली होती की आज ऊन फार आहे, हेसुद्धा तो घरमालकाच्या नावावर सांगे. मी त्याची टर उडवायचो.

निबंधातही तेच. पोरांना आधी घरच्या बोलीत शिकवावं, यावर त्यानं एक सुरेख पान लिहिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं की हे माझ्या अक्काचं म्हणणं. धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची कल्पना मी जेवताना सहज बोललो होतो, तर तिथं माझं नाव. तो विहिरीवर आंघोळीला गेला तेव्हा मी अक्काचं पान उतरवून घेतलं आणि अक्काला गाळलं. लाज वाटली नाही. उलट आपण हुशार आहोत असं वाटलं.

निबंध तपासणाऱ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. दोन निबंधांत एकच पान, तर चोर कोण? त्यानं अक्काचं नाव दाखवलं. अक्काला लिहिता-वाचता येत नाही हे कळल्यावर साहेब हसले. मग त्याच्याच निबंधातल्या माझ्या नावावर बोट ठेवून म्हणाले, याच्याकडून एकदा घेतल्याचं तू स्वतः लिहून दिलंस, तेव्हा हे पानही याचंच. माझ्या निबंधात कुणाचंच नाव नव्हतं, म्हणजे सगळं माझं. मला विचारलं तेव्हा मी "जी हाँ" म्हणालो.

जागा मला मिळाली, त्याची हंगामी नोकरीही गेली. वळकटी बांधताना तो म्हणाला, "तुझं व्हतं तिथं तुझं नाव लिवलो. अक्काचं लिवायला तुला कामून जड गेलं?"

मी मनात म्हटलं, बावळटा, माझं नाव लिहिलं नसतंस तर वाचला असतास.

त्या नोकरीवर जन्मभर पोट भरलं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्या, असं पोरांना बजावलं, न देणाऱ्यांना छड्या मारल्या. आता हे सगळं लिहून झालं, आणि त्याचं नाव यातही मी दिलेलं नाही.