कुंकू लागलेला डिमांड ड्राफ्ट

आमच्या घरात नवीन वस्तू कुंकू लावल्याशिवाय कामाला लागत नाही. फ्रिजला लागलं, स्कूटीला लागलं, मोबाइलला लावताना चार्जिंगच्या भोकात हळद गेली तेव्हा नवरा दोन दिवस फुगून बसला होता. तरी डिमांड ड्राफ्टला कुणी कुंकू लावेल असं, देवाशपथ, मला वाटलं नव्हतं.

झालं असं, की आर्णीतल्या एका कचेरीच्या आवारातलं कॅन्टीन चालवायला द्यायचं निघालं. अनामत रकमेचा ड्राफ्ट लावून दराचं बंद पाकीट दुपारी तीनच्या आत पेटीत टाकायचं. रोख चालणार नाही, चेक चालणार नाही. मला ते कॅन्टीन हवं होतं. किती हवं होतं म्हणाल, तर मी झोपेत आलूबोंडे तळत होते! घरून डबे देऊन देऊन जीव विटला होता. नवरा म्हणाला, कर तुला करायचं ते. सासूबाई, म्हणजे आमच्या मामी, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मी बोलायची आणि त्या भाकरी थापत ऐकायच्या.

आमचं खातं पतसंस्थेत. तिथं ड्राफ्ट काढायचा म्हणजे आधी सभासद असा, रोख आणू नका, खात्यातूनच कापू, कमिशन वेगळं, बारानंतर या खिडकीशी येऊच नका. वर दोन सह्या, एक मॅनेजरची आणि एक संचालकाची. हे सगळं पार करून आणलेला करकरीत ड्राफ्ट मी संध्याकाळी देवापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाकीट टाकायच्याच दिवशी, डबे पोचवून येऊन पाहते तर मामींनी ओल्या बोटानं त्यावर हे भलं मोठं स्वस्तिक काढलेलं, बरोबर दोन्ही सह्यांवर! शाई फुटलेली, वर अक्षता चिकटलेल्या.

"मामी! हे काय करून ठेवलं?"

"काय म्हंजे? शुभ काम हाय नं?"

मला रडू यायला हवं होतं, पण हसूच फुटलं. मी हसतेय म्हणून मामी चिडल्या आणि चिडूनच स्कूटीवर मागं बसल्या.

पतसंस्थेत मॅनेजरांनी ड्राफ्ट पाहिला, हसले, चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले. "वहिनी, हा चालत नाही आता. रद्द करा लागन. रद्द करायचा चार्ज, नव्याचं कमिशन पुन्हा."

"रद्द करायचे बी पैशे?" मामी काउंटरवर वाकल्या. "कुंकवानं पैशाले रोग झाला काय? आना इकडं, पुसून देतो!" त्यांनी पदराला थुंकी लावली. मॅनेजरांनी ड्राफ्ट ओढून चक्क ड्रॉवरमध्ये टाकला.

बारा कधीच वाजून गेले होते, पण त्या बाईला घेऊन लवकर जा, असा चेहरा करून त्यांनी नवीन ड्राफ्ट छापला, आपली सही ठोकली. दुसरी सही करणारे संचालक पुतणीच्या लग्नात होते.

मंगल कार्यालय गावाबाहेर. संचालकसाहेब पंगतीत, हात मनगटापर्यंत वांग्याच्या भाजीत. मी ड्राफ्ट डोक्यावर उंच धरलेला, कारण चारी बाजूंनी जिलेबीचा पाक फिरत होता.

"जेवू त द्या बाई," ते म्हणाले.

"जेवा नं भाऊ. आदी सही, मंग जेवा." मामींनी शेजाऱ्याचा ग्लास उचलला, साहेबांचा हात भाजीतून काढून पत्रावळीवरच धुतला, पदरानं कोरडा केला आणि बोटांत पेन दिला. अख्खी पंगत हसत होती. साहेबांनी सही केली. मामींनी लगेच त्यांच्या तोंडात जिलेबी कोंबली. मी हसत हसत स्कूटी हाणली, खड्डा दिसेना की गाय दिसेना, मागून मामी ओरडताहेत, "अवं, मारतं काय मले!" पाकीट टाकलं तेव्हा शिपाई पेटीला कुलूप लावत होता.

पाकिटं लगेच फोडली. दर आमचाच बरा निघाला. मला तिथंच नाचावंसं वाटत होतं, तेवढ्यात कचेरीच्या साहेबांनी विचारलं, "चहा-नाश्ता ठीक आहे, पण दुपारचं जेवणही द्यावं लागेल. रांधणार कोण? तुम्ही एकट्याच?"

"हो," मी म्हणाले. "एकटीच."

"एकटी काहून?" दाराशी उभ्या असलेल्या मामी पुढं आल्या. "मी हाव ना."

मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिले. आनंद झाला, आणि काहीतरी टोचलंही.

"पाह्यतं काय अशी?" मामी म्हणाल्या. "तू तुह्या नवऱ्याले इचारलं, पतसंस्थेले इचारलं. मले इचारलं काय?"