माहावाला कोण म्हणालं

जगातला सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू कोण, हे आमच्या रविवारच्या टेबलावर आजवर निदान चाळीसदा ठरलं आहे आणि दर वेळी वेगळं ठरलं आहे. टेबल अमरावतीत, मैदानासमोरच्या हॉटेलात. बसणारे आम्ही चार-पाच जण, साठीच्या अलीकडे-पलीकडे, एकेकाळी एकाच संघातून खेळलेले. आमचा कप्तान अर्जेंटिनाचा. त्या बुटक्यानंतर देवानं पाय बनवायचं काम सोडून दिलं, असं त्याचं मत. आमचा जुना गोलकी, म्हणजे गोलकीपर, पोर्तुगालचा. गुडघ्याला पट्टा बांधून, पोटावर बशी ठेवून तो पोर्तुगालच्या फॉरवर्डच्या सपाट पोटाचं कौतुक करतो. मी ब्राझीलचा, कारण पहिल्या दिवशी चुकून तसं बोलून गेलो आणि मग मागं घ्यायची लाज वाटली. माझ्या आयुष्यातले बरेच निर्णय याच पद्धतीनं झालेत.

दिवाळीनंतर कप्तानानं नवीन टूम काढली.

"जगाचे लय झाले. आता आपल्या वऱ्हाडाचे अकरा काढू. अमरावती-अकोला मिळून, आजवरचे. हॉटेलवाला भिंत द्याले तयार हाय. पेंटरकडून लिहून घेऊ. नावासमोर एक ओळ, का घेतला त्याची."

भिंत मिळणार म्हटल्यावर सगळे गंभीर झाले. दोन रविवारांत दहा नावं ठरली. गोलकीनं स्वतःचं नाव स्वतःच सुचवलं आणि स्वतःच अनुमोदन दिलं. अकरावी जागा फॉरवर्डची. कप्तान चहा ढवळत हळूच म्हणाला, "अकोलेवाला?"

"तो चोट्टा?" गोलकी म्हणाला. "त्यानं पाय कुठं चालवला, तोंड चालवलं. विचार याले."

आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ती गोष्ट माझी होती.

ती गोष्ट मी पस्तीस वर्षं सांगत आलोय. लग्नात, ऑफिसच्या निरोप समारंभात, सासुरवाडीला तर हातवाऱ्यांसकट. अमरावती विरुद्ध अकोला, फायनल, आमचंच मैदान. दोन्हीकडे शून्य, खेळ संपायला आलेला. मी लेफ्ट बॅक. उंच बॉल माझ्याकडे येतोय, मी पाय उचललाय, आणि डाव्या खांद्यामागून आवाज येतो, "माहावाला."

पुण्याचा पोरगा "माझा" म्हणेल. आमच्याकडे "माहावाला". आणि आमच्या मैदानाचा कायदा असा की एकानं "माहावाला" म्हटलं की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. मागून सख्खा भाऊ मारायला आला तरी बॉलला हात-पाय लावायचा नाही. तर मी समजलो, गोलकी बोलला. सोडला बॉल. आणि मागून निघाला अकोल्याचा फॉरवर्ड. गोल. आम्ही हरलो. ऐकणारे हळहळायचे. मी भोळा ठरायचो, तो लबाड.

आता खरं सांगतो. कोणीही काहीही म्हणालं नव्हतं.

मी मोजा ओढत होतो. मोजे थोरल्या भावाचे, त्यांचं इलॅस्टिक गेलेलं, म्हणून सायकलच्या ट्यूबचे गोल काप काढून वरून चढवले होते. त्यातलं एक रबर तुटलं. मी वाकलो. मान वर केली तेव्हा गोलकी आडवा पडला होता आणि बॉल जाळीत होता. कप्तान माझ्या अंगावर धावून आला. "काहून सोडला बे?" त्या वेळी माणसाच्या तोंडून खरं निघायला हवं. माझ्या तोंडून निघालं, "त्यानं माहावाला म्हटलं." इतकं सहज की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. गोलकी धूळ झटकत उठला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हो. मीबी ऐकलं."

त्यानं काय ऐकलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

रेफ्रीसमोर आम्ही दोघांनी कसम खाल्ली, तरी त्यानं गोल दिला, कप अकोल्याला गेला. पण पुढच्या वर्षी अकोल्याचा संघ आला तेव्हा त्या फॉरवर्डच्या पायाशी बॉल गेला रे गेला की अख्खं मैदान एका सुरात ओरडायचं, "माहावाला". तो थांबायचा, आमच्याकडे पाहायचा. शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच मान खाली घालून बाहेर निघून गेला. त्यानंतर तो खेळायला आला नाही.

आणि त्याच सुमारास मला तो आवाज यायला लागला.

पहिल्यांदा परतवाड्याच्या स्टँडवर. जीपमध्ये शेवटची जागा होती, मी पाय ठेवला आणि डाव्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं, "माहावाला." मी बाजूला झालो. मागं कोणी नव्हतं. जीप गेली. मला वाटलं, कोणी आपल्या पिशवीबद्दल बोललं असेल. मग शेंदूरजनाघाटला संत्र्याचा चांगला ढीग लिलावात माझ्या नावावर सुटत होता, तिथं. एका लग्नात शेवटच्या गुलाबजामावर चमचा नेला, तिथं. बायको म्हणते, तुम्ही फार सोशिक आहात, सगळं दुसऱ्याला सोडता. मी तिला काय सांगू? ओरडून नाही, अगदी हलक्या आवाजात, जवळून. आवाज अनोळखी. मी ती गोष्ट रचली तेव्हा त्या माणसाचा आवाज मी एकदाही ऐकलेला नव्हता. मग हा कोणाचा होता? वर्षं गेली तसा तो जास्त स्पष्ट झाला. बाकीचं ऐकू कमी यायला लागलं, हा मात्र नाही.

तर त्या रविवारी कप्तान म्हणाला, "तूच सांग गड्या. त्याले घ्याचा का नाई?"

"पुढच्या रविवारी सांगतो," मी म्हणालो, आणि बुधवारी अकोल्याच्या एसटीत बसलो. मूर्तिजापूरपर्यंत मी माफीचं भाषण पाठ केलं. मूर्तिजापूरनंतर ते विसरलो.

अकोल्याच्या जुन्या भागात त्याचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, एवढं कप्तानाला माहीत होतं. सापडलं. पांढरी दाढी, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर कुकरचं झाकण. मी उभा राहिलो. त्यानं चष्म्यावरून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"मोजेवाला," तो म्हणाला.

मी न विचारताच समोरच्या स्टुलावर बसलो.

"आओ, बैठो," तो नंतर म्हणाला. "इतक्या वर्षानं काहून आला? कुकर बिघडला काय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच तं पायलं. तू खाली वाकला, म्हनून तं मी तुह्या बाजूनं घुसलो. नाई तं मी दुसरीकडून येऊन राहिलो होतो." त्यानं झाकणाचं रबर बोटानं चाचपलं. "तुमी दोघांनी कसम खाल्ली. माह्याकडून कोन खाईल?"

मी माफी मागितली. वाईट मागितली, तुकड्या-तुकड्यांत, मध्येच भिंतीचंही सांगून टाकलं. त्यानं चहा मागवला, बिस्किटांची बशी पुढं केली.

"पयले दोन-तीन साल मी नाई म्हनत होतो," तो म्हणाला. "कोनी मानलं नाई. मंग हो म्हनाले लागलो. अकोल्यात लोक खुश होते ना, अमरावतीवाल्यायले कसं उल्लू बनवलं म्हनून. सलाम करत. सादी-ब्याह में फरमाइश, चाचा, वो आवाज निकालो. माह्या पोराले तेच माहीत, नातवाले तेच माहीत. आता मलेच वाटते का मी म्हनलो होतो."

"काढता तुम्ही आवाज?"

त्यानं झाकण बाजूला ठेवलं. मी बिस्किटाला हात लावला होता. तो किंचित पुढं झुकला आणि म्हणाला, "माहावाला."

माझा हात बशीवरून मागं आला. तोच आवाज. हलका, जवळचा, शेवटच्या अक्षरावर जरासा घासलेला. पस्तीस वर्षं माझ्या खांद्यामागं असलेला. मी तो बनवला, त्यानं तो उचलला, आणि आम्हां दोघांचा आवाज एकच निघाला. कसा, ते मला कळत नाही आणि कळून घ्यायची हिंमतही नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता. हसला नाही.

"भिंतीवर नाव लिहून राहिले म्हने तुमी," तो म्हणाला. "नाव नाई लिहिलं तरी चालते. लिहाचं असन तं गोल लिहा. या आवाजाच्या पायी माहा गोल गेला, भाई. गोल कोनालेच याद नाई."

रविवारी मी टेबलावर सगळं सांगितलं. मोजा, रबर, सगळं. मग कप्तान म्हणाला, "याच्या गोष्टीत दरसाल नवीन मसाला." बाकीचे हसले. इतकी वर्षं बाता मारल्याचं फळ मला एका घोटात मिळालं. पहिल्यांदा खरं बोललो आणि तीच सगळ्यांना सर्वांत चांगली बात वाटली.

गोलकी हसला नव्हता. "अबे, मी सोताच्या कानानं ऐकलं."

"काय ऐकलं तू?"

"तेच." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. "नाई तं मी काहून हललो नाई?"

शेवटी कप्तानानं तोडगा काढला. "बरं, घेतो त्याले. पन ओळ तू लिही. तुह्या जिवावर."

मी घरी बसून ओळ लिहिली: फायनलमध्ये डाव्या पायानं मारलेल्या अप्रतिम गोलासाठी. अकोल्याला फोन लावला, अभिमानानं वाचून दाखवली.

"डावा?" तो म्हणाला. "उजवा होता."

मी कागदावरचं "डाव्या" खोडलं.

"तू पायलाच कुठं," तो म्हणाला. रागानं नाही. गोल कसा झाला ते सांगायला दुसरा साक्षीदारच उरला नाही, हे त्यालाही तेव्हाच जाणवलं असावं. त्याच्या संघातले दोघे वारले, बाकीचे कुठं आहेत त्याला माहीत नव्हतं.

"मग तुम्ही सांगा," मी म्हणालो. "मी लिहून घेतो."

त्यानं कोणा गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. आणि सांगायला लागला. बॉल कुठं टप्पा पडला, त्यानं छातीवर कसा घेतला, किती पावलं, वाऱ्यानं उडालेली धूळ, पायाच्या बाहेरच्या कडेनं मारलेला फटका, गोलच्या जवळच्या खांबाच्या आतून. तो मध्ये मध्ये थांबायचा, मागं जाऊन दुरुस्त करायचा. खरं किती, आठवणीनं रचलेलं किती, मला ठाऊक नाही. मी काय म्हणून शंका घेणार? जसं सांगितलं तसं लिहिलं.

पेंटर म्हणाला, एक ओळ ठरली होती. मी म्हटलं, अक्षर बारीक कर. बाकी दहा जणांसमोर एकेक ओळ आहे, अकोलेवाल्यासमोर सात. शेवटची ओळ स्विचबोर्डाला वळसा घालून जाते.

रंग वाळल्यावर पहिल्या रविवारी गोलकी भिंतीपाशी उभा राहिला. सातही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग परत वरून वाचल्या. चहा निवला.

"जवळच्या खांबातून?" त्यानं विचारलं.

"तो तसं म्हणतो."

गोलकी भिंतीकडेच पाहत राहिला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "मी हललो होतो, पन दूरच्या खांबाकडं."