बहात्तर किलो गूळ

चहात साखर घाला, दोन चमचे. हो, मलाच! असे बघताय काय? मी सोडलं ते सगळं. म्हणजे सोडायचंच सोडलं. का, ते ऐका. हसू आलं तर तोंडावर रुमाल धरा, कारण माझी अब्रू भर गल्लीत तराजूत घालून मोजली गेलेली आहे. तीही देवीसमोर!

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात मला डेंगू झाला. देवासच्या एका दवाखान्यात पडून होतो. प्लेटलेट्स इतक्या उतरल्या, की नर्स आकडा माझ्याऐवजी बायकोच्या कानात सांगायची. ही बातमी धारला माझ्या आत्याला लागली. आत्या ऐंशीला टेकलेली, पण बस पकडून एकटी आली. माझ्या उशाशी उभी राहिली, डोळे मिटले आणि मोठ्यांदा म्हणाली, "देवी, माझा दिनू उठून बसू दे. त्याच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन. आणि तोवर गोडाला शिवणार नाही!"

मला ताप होता तरी मी दचकून डोळे उघडले. कारण माझी आत्या म्हणजे गुळपोळीवर तूप घालणाऱ्यांतली नव्हे. ती तुपात गुळपोळी शोधते! चहात साखर कमी पडली तर कप बशीसकट परत धाडणारी बाई. आणि ती गोड सोडणार?

मी उठून बसलो. मग काय विचारता! दुखण्यातून उठलेल्या माणसाला आमच्या माळव्यात जे खायला घालतात, त्याने आणखी चार माणसं दुखण्यातून उठतील. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी कोणीतरी कचोऱ्या घेऊन तब्येत विचारायला. नवरात्र आलं आणि आत्याचा फोन आला.

"दिनू, दसऱ्याला ये. नवस फेडून टाकू. वजन किती रे तुझं? गूळ सांगायचाय."

मी काट्यावर उभा राहिलो. खाली वाकून पाहिलं. पोटापलीकडे काही दिसेना. बायकोला, अंजलीला, हाक मारली.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

"नीट बघ."

"अहो, नीट बघितलं तर पंच्याण्णव दिसतंय."

आता तुम्हीच विचार करा. आत्याच्या गल्लीत मी लहानपणी प्रत्येक सुट्टीत जायचो, आणि तिथे माझं नाव होतं 'काडी'. अजूनही आहे! त्या काडीने सगळ्या गल्लीदेखत चौऱ्याण्णव किलो गुळासमोर बसायचं?

"आत्या," मी फोनवर म्हणालो, "जरा थांब. मी वजन उतरवतोय. जरा माणसात येतो, मग तोल."

"बरं बाबा. तू म्हणशील तसं."

अंजलीची भाची श्रुती इंदूरला आहारतज्ज्ञ आहे. तिने मला लो-कार्ब आहार लिहून दिला. पोळी बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर तर बोलूच नका. पनीर, अंडी, भाज्या, दही, बदाम. मी पहिला आठवडा मनापासून केला. आणि काय आश्चर्य! काटा चार किलो खाली!

मी लगेच त्रैराशिक मांडलं. आठवड्याला चार किलो, तर दिवाळीला इतका, संक्रांतीला इतका... होळीपर्यंत मी पुन्हा पाळण्यात, आणि त्यापुढे तर माझा जन्मच रद्द! श्रुतीला फोन लावला.

"काका, ते पाणी गेलंय," ती म्हणाली. "सुरुवातीला जातंच. पुढे महिन्याला दोन किलो धरा, फार तर अडीच. आणि मध्ये काटा नुसता बसून राहील. तेव्हा घाबरायचं नाही."

"अगं, पाणी गेलं की लोणी गेलं, काटा उतरला ना?"

"काका, कोणाला तारीख देऊ नका."

तारीख देऊ नका! हे कोणाला सांगतेय पोरगी? मी कारखान्यात प्लॅनिंग खात्यात आहे. गिअरबॉक्स कधी तयार होतील ते सांगणं हेच माझं काम. ते त्या तारखेला तयार होतात का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो इथे काढायचं कारण नाही.

मी धारला फोन फिरवला. "आत्या, पोळी-भात सोडलाय. संक्रांतीला पक्कं! बहात्तर किलो."

"बहात्तर? इतका बारीक होशील? पोळी-भात खरंच सोडलास का रे?"

"कणभर नाही घेत."

"अरे देवा. माझ्या नवसापायी पोर उपाशी," असं काहीतरी आत्या पुटपुटली. मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच माझं चुकलं, पण ते पुढे येईल.

दुसऱ्या महिन्यात काटा बसला. उठेचना. मी काकडी खाल्ली, दुधी खाल्ला, काट्याला शिव्या दिल्या. मनाने खचलो, तेव्हा नाक्यावरच्या सोहन भियाने (आमच्याकडे भैयाचा भिया होतो) आधार दिला. त्याचं शेव-मिक्श्चरचं दुकान आहे.

"भिया, सेंव में काय का कार्ब? बेसन है! बेसन याने दाल, दाल याने प्रोटीन। ये तो आपकी दवाई है!"

मला पटलं! खिशाला खिडकी असती तर माझ्या शर्टाच्या खिशातून तेव्हापासून पिवळा उजेड पडला असता. भाजीवर शेव, दह्यावर शेव, काकडीवर शेव. तुम्ही देवासला आलात तर तुमच्याही लक्षात येईल, आमच्याकडे शेव हा पदार्थ नाही, हवामान आहे.

संक्रांत आली. मी चौऱ्याण्णवाचा नव्हतो, पण बहात्तराच्या आसपास तर मुळीच नव्हतो.

"आत्या, जरा थंडी आहे. थंडीत चरबी गोठते. चैत्राच्या नवरात्रात करू."

आत्या म्हणाली, "बरं. आज शेजारच्या गोदाने गुळपोळ्या आणल्या होत्या. वास घेऊन परत दिल्या. चैत्रात नक्की ना?"

"नक्की म्हणजे काय, आत्या! बहात्तर!"

त्यानंतर मी काट्यावर चढलोच नाही. तो बिघडला होता.

"काटा ठीक आहे," अंजली म्हणाली. "त्याच्यावर उभं राहणारा बिघडलाय. अहो, सांगून टाका ना आत्यांना खरं."

"पँट सैल झालीय माझी."

"त्यात मी इलॅस्टिक घातलंय."

चैत्र आला. आत्याचा फोन आला. "दिनू, गूळ सांगते आहे. थोडा जास्त आणू का? राहू दे जवळ."

इथे माणसाने काय म्हणावं? 'आण' म्हणावं. दोन अक्षरं. मी काय म्हणालो? "एक ढेपसुद्धा जास्त आणलीस तर माझ्यावर तुझा विश्वास नाही असं समजेन!"

अष्टमीला आम्ही दोघं धारला पोचलो. दार वाजवलं. आणि दार ज्या बाईने उघडलं ती मला ओळखूच येईना! अहो, माझी आत्या दारात उभी राहिली की मागचा देव्हारा दिसत नसे. आज देव्हारा, समई, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं दिसत होतं! बांगड्या मनगटावरून घसरून कोपराशी चाललेल्या. नऊवारीचा घोळ दुप्पट झालेला.

"आत्या! बरं नाही का तुला? डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की. तो म्हणतो तब्येत बरी आहे, गोळी पण कमी केली. चल, पंडितजी केव्हाचे थांबलेत."

गल्लीच्या टोकाला देवीचं छोटं देऊळ. समोर मंडीतून आणलेला भलामोठा तराजू टांगलेला. आणि सगळी गल्ली गोळा! आत्याने काडीच्या बहात्तर किलोची वार्ता घरोघर पोचवली होती. मी डाव्या पारड्यात मांडी घालून बसलो. उजव्या पारड्यात गूळ चढू लागला. एक ढेप, दुसरी ढेप, तिसरी. शेवटची ढेप ठेवली. पंडितजींनी शंख उचलला.

माझं पारडं जमिनीवर. ढिम्म!

पंडितजींनी शंख खाली घेतला. "भिया, ज़रा हल्का बैठो।"

आता हलकं कसं बसतात? मी श्वास आत घेतला. पोट आत घेतलं. वडिलांची आठवण काढली. काही नाही.

"पाँव तो नी टिके हैं नीचे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"मांडी घातलीय हो!"

"अगोबाई," गोदाकाकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "हा काडी आहे की वखारीतला ओंडका?"

मी आत्याकडे पाहिलं. ती गुळाच्या ढेपा पुन्हा बोटांवर मोजत होती. देवीसमोर मांडलेला नवस अर्धा राहतोय, ही भीती तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसली, आणि खरं सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा तराजूपेक्षा जड काहीतरी छातीवर बसल्यासारखं झालं.

"जेब खाली करो," पंडितजी म्हणाले. "घड़ी, मोबाइल, पट्टा, सब।"

घड्याळ काढलं. मोबाईल दिला. पट्टा काढला, इलॅस्टिक होतंच. मग झब्ब्याच्या खिशात हात घातला आणि थबकलो. पण गर्दी बघत होती. काय करता? काढली. शेवेची पुडी! चांगली लठ्ठ, सोहन भियाच्या दुकानची. हातातून निसटली, फुटली आणि देवीच्या पायरीपर्यंत शेव पसरली.

अंजलीने कपाळावर हात मारला. "ह्यांची दवाई," ती म्हणाली.

आत्या वाकली. शेवेची एक काडी उचलून डोळ्यांजवळ नेली. रागावेल म्हणून मी मान खाली घातली. पण तिचा आवाज नुसता आश्चर्याचा होता.

"दिनू, शेव चालत होती?"

"आत्या, ते... बेसन म्हणजे..."

"मग मला सांगायचंस की रे! मी तीही सोडली होती."

"तू? तू फक्त गोड सोडलं होतंस ना?"

"गोड नवसासाठी. पण तू पोळी-भात सोडलास म्हणालास. माझ्यापायी पोर उपाशी राहतंय आणि मी इथे बसून भात जेवू? मीही सोडला. पोळी सोडली, बटाटा सोडला. भाजी-ताकावर राहिले. म्हटलं, तू बहात्तराचा होईस्तोवर आपणही."

मी असा हबकलो की पारड्याची साखळी धरली नसती तर उलटाच पडलो असतो. माझी आत्या दसऱ्यापासून चैत्रापर्यंत माझा आहार पाळत होती! मी पाळायला हवा होता तसा!

"अगं बायांनो, बघत काय राहिलात?" गोदाकाकू ओरडल्या. "गूळ आणा घरातला!"

आणि बायका धावल्या. कोणी डबा आणला, कोणी परात, कोणी संक्रांतीतली उरलेली भेली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने होता नव्हता तेवढा गूळ आणून ओतला. प्रत्येकजण गूळ टाकताना माझ्याकडे एकदा बघून जात होता, आणि ते बघणं गुळापेक्षा जड होतं. पारडं हललं. उचललं गेलं. बोटभर अंतरावर पुन्हा अडलं.

तेव्हा गोदाकाकूंनी आत्याच्या हातात एक वाटी दिली. नवस फिटल्यावर आत्याने उपास सोडायचा म्हणून त्यांनी सकाळीच गुळपोळ्या लाटल्या होत्या, त्यातला उरलेला गूळ. आत्याने ती वाटी उपडी केली. दोन्ही पारडी समोरासमोर आली. शंख वाजला. मी अधांतरी लोंबकळत रडत होतो, आणि लोकांना वाटलं भक्तीने.

पुढे श्रुतीच्या काट्यावर अठ्ठ्याऐंशी भरलो. "काका, शेव खाऊन सहा किलो? वाईट नाही!" ती म्हणाली. म्हणजे बघा, मी आत्याला अठ्ठ्याऐंशी सांगितलं असतं तर त्याच गल्लीत माझा हार घालून सत्कार झाला असता.

पण त्या दिवशी देवळाच्या पायरीवर आत्या गुळपोळी खात बसली होती. डोळे मिटून, तूप कोपरापर्यंत ओघळू देत. मी तिच्या पायाशी बसलो.

"आत्या, चुकलो. आता खरंच करतो. श्रुतीला विचारून खरी तारीख देतो."

"मग बोल गं पुन्हा नवस!" गोदाकाकूंना जोर आला. "काडी बहात्तराचा झाला तर..."

"नको गं बाई," आत्या म्हणाली. "ह्याच्या तारखेला पुरेल एवढं आयुष्य देवीने मला दिलेलं नाही." मग उरलेला घास तोंडात टाकून माझ्या डोक्यावर तुपकट हात ठेवला. "आणि दिनू, तू आता काही म्हणजे काही सोडू नकोस. सोडतोस तू आणि बारीक मी होते."

तेव्हा दोन चमचे घाला. बिनधास्त घाला! आत्याच्या तब्येतीचा प्रश्न आहे.