गणपतरावांचा हळू आवाज

आवाज असावा तर गणपतराव चौगुल्यांसारखा! ते कोल्हापूरच्या ट्रंक ऑफिसात, म्हणजे परगावचे फोन जोडून देणाऱ्या कचेरीत नोकरीला होते, आणि खरं सांगायचं तर तिथल्या तारांपेक्षा त्यांचा गळाच जास्त कामाला यायचा. लायनीत खरखर सुरू झाली की गिऱ्हाईक फोन सोडून त्यांच्याकडं बघायचं. मग गणपतराव स्वतः मध्ये पडून मुंबईला निरोप ओरडून सांगायचे. कुणाला नातू झाला, कुणाची सोयरीक मोडली, सगळं आधी अख्ख्या पेठेला कळायचं आणि मग मुंबईला. लोक कौतुक करायचे आणि गणपतराव फुगायचे.

पण घरच्यांनी काय कानात बोळे घालून बसायचं? मीठ मागायचं झालं तरी ट्रंक लावल्यागत. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ द्यायचं असतं, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं. एकुलती एक लेक विमल. तिचा नवरा कृष्णात पोर्ट ब्लेअरला दीपगृहाच्या कचेरीत लागला. एवढ्या लांब निघाली म्हणून गणपतराव स्टँडवर चारचौघांत तिच्यावर असे काही ओरडले की हुपरीची गाडी सुटायची थांबली. पोरीनं डोळे पुसले आणि ती म्हणाली, "आप्पा, एकदा हळू बोलून दावा. मग मी बोलीन तुमच्यासंगं." आणि खरंच बोलली नाही की! चार वर्षं आईला पत्रं यायची, नातू झाल्याचंही आईलाच कळवलं, आप्पांसाठी एक अक्षर नाही. गणपतराव वरवर म्हणायचे, "गेली उडत." आणि पोस्टमन दिसला की दारात आधी तेच जायचे.

ब्याऐंशी साली कळंब्याला तळ्याकाठच्या माळावर एक ट्रक येऊन उभा राहिला. पाठीवर ही भली मोठी तबकडी. आकाशातल्या उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी बोलून बघायची चाचणी होती, आणि पलीकडचं टोक होतं नेमकं पोर्ट ब्लेअर. पुण्याहून आलेले माधव खांबेटे साहेब दिवसभर तबकडी तसूतसूनं हलवायचे, यंत्रावरचा काटा बघायचे, परत हलवायचे. सारखं बोलून दाखवायला सवयीचा माणूस पाहिजे म्हणून ट्रंक ऑफिसानं गणपतरावांना पाठवलं. पाठवणाऱ्याची अक्कल बघा!

आवाज आभाळापर्यंत जायचाय, तेव्हा कमी पडायला नको म्हणून गणपतरावांनी छातीभर दम घेतला. "हॅलोऽऽऽ!" आवाजाचा काटा लाल रेघेच्या पार गेला. पोर्ट ब्लेअरहून उत्तर आलं, "कोल्हापूर, इकडं नुसता तडतडाट ऐकू येतोय."

"अहो, ओरडताय कशाला?" खांबेटे कळवळले. "आवाज चढला की यंत्राला झेपत नाही, शब्द फुटतात. हळू बोला. आणि बोलून झालं की थांबा. तुमचा शब्द छत्तीस हजार किलोमीटर वर जाणार, तेवढाच खाली उतरणार, मग त्यांचं उत्तर तसंच येणार. मध्येच बोललात तर दोघांचंही वाया." त्यांनी आवाजाच्या बटणापाशी लाल पेन्सिलीनं खूण केली. "ह्याला कुणी हात लावायचा नाही. सगळी चाचणी ह्या खुणेवर बेतलीय."

"साहेब, माझी लेक हाय तिकडं," गणपतराव म्हणाले.

"मग उद्या तिलाच बोलवून घेऊ. खरं बोलणं झालेलं बरंच."

झालं! गणपतरावांनी घरी सराव मांडला. "शालू, जरा पाणी दे गं," ते हलकेच म्हणाले. बायकोच्या, शालूबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "काय हुतंय तुमास्नी? छातीत दुखतंय?" त्या माउलीनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. गोठ्यात जाऊन गणपतरावांनी म्हशीशी हळू बोलून बघितलं, तर ती पान्हा सोडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमल पलीकडं येऊन बसल्याचा निरोप आला. गणपतरावांनी माइक धरला. "विमल, बरी हाईस न्हवं बाळ?" आणि ते चक्क थांबले. काटा लाल रेघेच्या आत, एकदम शहाण्यासारखा. खांबेटे खूश झाले.

"बरी हाय की," आवाज आला. "कोण बोलतंय? आप्पांना द्या."

"मीच हाय गं," गणपतराव आणखी हळू म्हणाले.

"थट्टा करू नका, पावणं. लई आशेनं आलोय मी." पोरीनं परत विचारलं, "आप्पा आलंच न्हाईत व्हय?"

घ्या! ज्या आवाजासाठी पोरगी एवढी वर्षं अडून बसली, तो समोर आला तर तिनं त्याला पावणा ठरवला. गणपतरावांनी खांबेट्यांकडं बघितलं, डोळे डबडबलेले. मग व्हायचं ते होऊ दे म्हणून त्यांनी दम घेतला.

"इमलेऽऽ! सख्ख्या बापाला वळकीना झालीस व्हय गंऽऽ!"

काटा लाल रेघेत जाऊन अडकला. तळ्यावरचे बगळे उठले. मग पलीकडून रडू की हसू कळेना असं काहीतरी ऐकू आलं. "आप्पा! शब्द न्हाय कळलं, पर तुमीच ते. बोला की."

"यंत्राला सोसत न्हाय गं," गणपतराव कुजबुजले.

"हळू नगं, आप्पा. असलंच बोला."

खांबेट्यांनी कपाळाला हात लावला. मग तोच हात पुढं करून त्यांनी स्वतःच बटण पेन्सिलीच्या खुणेवरून पार खाली आणलं. "बोला गणपतराव. आता शब्द फुटायचे नाहीत, पाहिजे तेवढं ओरडा."

गणपतराव ओरडले. तिकडचं ऊन, नातवाचे दात, म्हशीची तब्येत, सगळं ओरडून विचारलं. आणि एकेक विचारून झालं की गप्प होऊन आभाळाकडं बघत बसायचे, लेकीचं बोलणं पुरं होईस्तोवर.