मामाचे पडदे

माझा मामा पडदे शिवतो. गिऱ्हाइकांच्या खिडक्यांची मापं त्याला तोंडपाठ, स्वतःची खिडकी मात्र भाड्याची. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, म्हणून मामीने सगळा संसार खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर जुनी चादर टाकून काढला.

मग कुणीतरी त्याला एका घराचं टोकन, म्हणजे मोबाईलमधला मालकीचा दाखला, विकलं. साठवलेलं सगळं त्यात गेलं. "ब्लॉकचेनवर नोंद आहे, कुणाच्या बापाला खोडता येणार नाही," हे तो जेवतानाही ऐकवायचा. मी म्हटलं, "अरे, पण रजिस्ट्री ऑफिसात नाव कुणाचं आहे ते तरी बघ." तर म्हणे, "कचेरीत खेटे घालायचे दिवस गेले." मामापुढे शहाणपण सांगून उपयोग नसतो. टोकनसोबत घराचा नकाशा आला होता. त्यावरून त्याने पडदे शिवले, कुठल्याच गिऱ्हाइकाला परवडणार नाही असं कापड आणून.

किल्ली घरीच मिळेल, असं विकणाऱ्याने कळवलं होतं. आम्ही तिघं पडदे आणि ड्रिल पिशवीत घालून गेलो. दार एका बाईने उघडलं, काखेत बाळ. मामा गांगरला. "तुम्ही भाड्याने राहता का इथे?"

"भाड्याने कशाला? विकत घेतलंय. खरेदीखत झालंय रीतसर." तिने पिशवीकडे पाहिलं. "काय काम होतं?"

मामाचा हात खिशातल्या मोबाईलवर गेला आणि तिथेच राहिला. त्याचे कान लाल झाले. लबाडी केली दुसऱ्याने आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं याला. त्या विकणाऱ्याच्या कानाखाली दोन वाजवाव्यात, इतका संताप आला मला.

"पडदे लावायला आलोय," मामा म्हणाला.

"यांनी सांगितलं असणार. घरात कशाचा पत्ता लागू देतील तर शपथ!" बाईने आम्हाला आत घेतलं.

मामा स्टुलावर चढला. मामीने स्टूल धरलं, मान वर केली नाही. ड्रिल भिंतीला लावून मामा थांबला. "भोक पाडलं तर चालेल ना?"

"पाडा की. स्वतःचं घर आहे."

पडदे तंतोतंत बसले. पैशांचं विचारल्यावर मामा "मिळाले" म्हणाला आणि चपला घालायला लागला.

घरी आल्यावर मामीने दोरीवरची चादर सारखी केली. "अहो, ते मोबाईलमधलं अजून आहे का आपल्या नावावर?"

मामाने उघडून पाहिलं. होतं. कुणीच खोडलं नव्हतं.