मेलेला कोड

“हा मेलेला कोड आहे. ओढून टाकायला तुमच्याकडचीच माणसं बरी. पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव!”

टीम लीड हे भर मीटिंगमध्ये म्हणाला. पुण्याहून. पडद्यावरचे सगळे चेहरे हसले. मी मध्य प्रदेशात, बालाघाटला, घरून काम करत होते. स्पीकर चालू होता. मागे खाटेवर बाबा बसले होते.

आमच्या कंपनीत प्रोग्राम लिहायच्या भाषांचीही उतरंड आहे. पायथन आणि त्यापुढच्या नव्या भाषा त्यांच्या. कोबोल माझी. कोबोल माझ्या बाबांपेक्षा म्हातारी. पायथनमध्ये चार ओळींत होणारं काम तिच्यात पानभर लिहावं लागतं. पायथन मी घरीच शिकले. ‘मला नव्या कामावर घ्या’ म्हणून किती वेळा विचारलं. दर वेळी उष्टंच वाट्याला आलं. जुन्या प्रोग्रामचा जो भाग आता चालत नाही, नुसता पडून असतो, त्याला आमच्या धंद्यात मेलेला कोड म्हणतात. तो शोधायचा आणि काढून फेकायचा. हे काम नेमकं माझ्याकडेच का, ते त्या दिवशी कळलं.

बाबांनी विचारलं, “काहून हासून राह्यले ते? ढोर कोणाचं मेलं, बाई?”

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावाने पाणी तोडलं. म्हणून ते इथे, भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीवर आले. बाबांचा जन्म तिथलाच, नोकरीही तिथलीच. आणि त्याच बाबांच्या कानावर माझ्या लॅपटॉपमधून हे पडलं! लाज नाही वाटली. डोकं फिरलं.

त्या लोकांशी मी नेहमी त्यांच्यासारखं बोलायचे, जपून, तोलून. माईक चालू केला आणि घरात बोलते तशी बोलले.

“नाही ओढत. मले पायथनच्या कामावर घ्या, नाही तं आत्ताच राजीनामा घ्या. अन् मीटिंग रेकॉर्ड होऊन राह्यली, सर. तुमचं बोलणं वरपर्यंत जाईन.”

हसू बंद. “अगं, गंमत केली,” तो म्हणाला.

“मी नाही करून राह्यली.”

रेकॉर्डिंग मी वर पाठवलंच. त्याला समज मिळाली, मला पायथन. तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

भाषा म्हाताऱ्या होतात. त्याची पायथनही होईल. तोवर मी त्याच्या वरच्या खुर्चीत असेन. तेव्हा ते कुजकं काम त्यालाच देणार. भर मीटिंगमध्ये, नाव घेऊन. आणि तो नाही म्हणाला, तर त्याचा राजीनामा मागून घेणार.